होस्टवरून व्हीएमचं प्रोफाइल घेतलं, पण आतली प्रोसेस कोणती ते कसं ओळखायचं?

चांदिवली_ऑप्स

नमस्कार मंडळी. चांदिवलीच्या डेटा सेंटरमध्ये एक केव्हीएम होस्ट आहे (म्हणजे लिनक्स कर्नलच्या केव्हीएमवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर). इंटेलचे दोन सॉकेट, व्हीएम सांभाळायला लिबव्हर्ट, त्यावर सहा लिनक्स गेस्ट (व्हीएम). त्यातला एक गेस्ट (८ व्हीसीपीयू म्हणजे आभासी सीपीयू, ३२ जीबी मेमरी) एका ब्रोकिंग टीमचा. सकाळी ९:१५ ला बाजार उघडला की त्याचे सगळे व्हीसीपीयू थ्रेड होस्टवर ९० टक्क्यांच्या वर जातात आणि दहा-बारा मिनिटं खाली येत नाहीत. शेजारच्या गेस्टना त्याचा त्रास होतो. टीमचं म्हणणं, आमच्या अ‍ॅपचा लोड रोजच्यासारखाच आहे.

होस्टवर लिनक्सच्या पर्फ प्रोफाइलरने ‘पर्फ केव्हीएम --होस्ट --गेस्ट रेकॉर्ड’ घेतलं, गेस्टची कॅलसिम्स फाइलही (कर्नल फंक्शनांच्या पत्त्यांची यादी) दिली. गेस्ट कर्नलची फंक्शनं नावानिशी दिसतात. पण कमांडच्या रकान्यात सगळीकडे ‘सीपीयू ३/केव्हीएम’, ‘सीपीयू ५/केव्हीएम’ एवढंच. बहुतेक सँपल ‘[यू]’ खुणेची आणि पुढे ‘अननोन’. ‘-जी’ लावूनही गेस्टच्या सँपलना कॉल स्टॅक येत नाही.

गेस्टमधल्या कोणत्या प्रोसेसने सीपीयू खाल्ला हे होस्टवरून कळेल का? कळत असेल तर कशावरून? गेस्टमध्ये शिरायची परवानगी मिळू शकते, पण तिथे कायमचं काही बसवायला टीम तयार नाही.

विक्रोळी_कर्नल

पर्फला जेवढं कळतं तेवढंच तो दाखवतो आहे, तुमच्या सेटिंगमध्ये खोट नाही.

सीपीयूचा काउंटर भरला की एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) येतो, व्हीसीपीयू गेस्टमधून बाहेर पडतो, आणि होस्टचं पर्फ केव्हीएमला तीनच गोष्टी विचारतं: आत्ता गेस्ट चालू होता का, यूजर मोडमध्ये होता की कर्नलमध्ये, आणि आयपी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) काय होता. बस्स. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ही गेस्टच्या कर्नलने स्वतःच्या मेमरीत ठेवलेली नोंद आहे, होस्टला ती कोणी सांगत नाही. म्हणून सँपलवर लागणारा पीआयडी क्यूएमयूचा (होस्टवर गेस्ट चालवणाऱ्या प्रोसेसचा) असतो आणि नाव व्हीसीपीयू थ्रेडचं.

रिपोर्टमधली खूण नीट वाचा. ‘[के]’ म्हणजे होस्टचं कर्नल, ‘[.]’ म्हणजे होस्टचं यूजरस्पेस, ‘[जी]’ म्हणजे गेस्टचं कर्नल, ‘[यू]’ म्हणजे गेस्टचं यूजरस्पेस. या शेवटच्या प्रकारासाठी पर्फकडे मेमरी मॅपच नसतो, त्यामुळे ‘अननोन’ येणारच. ‘--गेस्टमाउंट’ने (एसएसएचएफएसवर गेस्टचं रूट क्यूएमयूच्या पीआयडीच्या नावाच्या फोल्डरमध्ये माउंट करून) फक्त गेस्टचं कर्नल आणि मॉड्यूल सुटतात, यूजर प्रोसेस नाही. एकापेक्षा जास्त गेस्ट एका वेळी बघायचे असतील तरच गेस्टमाउंटची गरज. एकाच गेस्टला कॅलसिम्स पुरते. स्टॅकचंही तसंच आहे: गेस्टच्या सँपलवर कॉलचेन काढणारा कोड कर्नलमध्ये सुरुवातीलाच परत फिरतो. ‘-जी’ काढून टाका.

पुढचं रेकॉर्डिंग घेताना हे सांभाळा.

इव्हेंट स्वतः लिहा, ‘सायकल्स:जी’. काहीच लिहिलं नाही तर काही आवृत्त्या प्रिसाइज इव्हेंट निवडतात. इंटेलवर गेस्टमध्ये शिरताना होस्टचं पेब्स (इंटेलची प्रिसाइज सँपलिंगची सोय) बंद केलं जातं, म्हणजे गेस्टची सँपल शून्य.

फ्रिक्वेन्सी कमी ठेवा. पर्फची मूळ फ्रिक्वेन्सी ४००० हर्ट्झ आहे आणि इथे प्रत्येक सँपल म्हणजे एक व्हीएम एक्झिट. ९९ हर्ट्झ पुरतं: ८ व्हीसीपीयू पूर्ण चालू असतील तर ३० सेकंदांत २३,७६० सँपल मिळतात. ‘-ए’ऐवजी ‘-पी’ लावून फक्त त्या क्यूएमयूचा पीआयडी द्या, शेजारच्यांना झळ नको.

कॅलसिम्स फाइल गेस्ट दर वेळी बूट झाला की नवी घ्या, कारण केएएसएलआर दर बूटला कर्नलचा पत्ता हलवतो. आणि रूट म्हणूनच घ्या. साध्या यूजरने कॉपी केली तर सगळे पत्ते शून्य येतात, फाइल मात्र ठीकठाक दिसते.

बोरिवलीची_डीबीए

परवानगी मिळत असेल तर आधी सरळ गेस्टमध्ये जाऊन प्रोफाइल घ्या. होस्टवरून ओळख पटवण्याचे मार्ग आहेत, पण गेस्टच्या कर्नलला जे आयतं माहीत आहे ते बाहेरून खणून काढण्यात वेळ जातो.

गेस्टमध्ये व्हीपीएमयू (गेस्टला दिलेले आभासी हार्डवेअर काउंटर) नसला तरी अडत नाही. ‘पर्फ रेकॉर्ड -ई सीपीयू-क्लॉक -एफ ९९ -ए -जी’ ३० सेकंद चालवा. हा टायमरवर चालतो, हार्डवेअर काउंटर लागत नाही. पीआयडी, प्रोसेसचं नाव, स्टॅक सगळं मिळतं. काम झालं की पॅकेज काढून टाका, कायमचं काही राहत नाही. याच्या दोन मर्यादा. इंटरप्ट बंद असताना टायमर वाजत नाही, त्यामुळे तो सगळा वेळ इंटरप्ट पुन्हा चालू होतात त्या ओळीवर जमा होतो. ‘स्पिन अनलॉक आयआरक्यू रिस्टोअर’ रिपोर्टमध्ये वरच्या क्रमांकावर दिसलं तर लगेच लॉकच्या मागे लागू नका. दुसरं, होस्टने व्हीसीपीयू बाजूला ठेवला तो वेळ गेस्टला दिसत नाही. त्यासाठी टॉपमधला स्टील रकाना बघा.

खरे हार्डवेअर काउंटर हवेच असतील तर डोमेनच्या एक्सएमएलमध्ये सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू आणि फीचर्समध्ये पीएमयू ऑन करा. पण ते लागू व्हायला गेस्टच्या आतून रीबूट करून चालत नाही. डोमेन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, आणि होस्ट-पासथ्रूमुळे वेगळ्या पिढीच्या सीपीयूवर लाइव्ह मायग्रेशन अडतं. ब्रोकिंगच्या गेस्टवर हे बाजार बंद झाल्यावर, म्हणजे ३:३० नंतरच. शिवाय व्हीपीएमयू होस्टच्याच काउंटरमधून वाटा घेतं. होस्टवर आणि गेस्टमध्ये एकाच वेळी मोजलं तर काउंटर आळीपाळीने वाटले जातात. पर्फ स्टॅटच्या शेवटच्या रकान्यात १०० टक्क्यांच्या खालचा आकडा दिसला तर ते झालं असं समजा.

शिवडी_एसआरई

ताईंचं बरोबर आहे, पण बऱ्याच ठिकाणी गेस्टवाले एवढंच म्हणतात की ‘एकदा काय ती माहिती काढून घ्या, पर्फ चालवू नका’. त्यांच्यासाठी ही रीत. होस्टवर फक्त आयपी मिळतो ना? तोच पुरतो.

६४ बिट लिनक्सवर एएसएलआरमुळे (पत्ते मुद्दाम बदलते ठेवण्याच्या सोयीमुळे) प्रत्येक एक्झेकला, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने चढताना, प्रोसेसचा कोड वेगळ्या पत्त्यावर बसतो. ‘५५’ किंवा ‘५६’ने सुरू होणारे बारा अंकी हेक्स पत्ते बहुधा मुख्य प्रोग्रॅमचे, ‘७एफ’ने सुरू होणारे लायब्ररी आणि एमएमॅपचे. दोन प्रोसेसमधली लिबसीसुद्धा वेगळ्या पत्त्यावर असते. म्हणजे गेस्टच्या सगळ्या प्रोसेसचे मॅप्स हाताशी असले की नुसत्या आयपीवरून बहुतेक सँपलचा मालक सापडतो.

गेस्टमध्ये रूट म्हणून प्रॉकखालच्या प्रत्येक पीआयडीच्या ‘मॅप्स’ फाइलमधल्या फक्त ‘आर-एक्सपी’ ओळी घ्या, जोडीला ‘कॉम’ आणि ‘स्टार्टटाइम’. हे दोनदा करा, प्रोफाइलच्या लगेच आधी आणि लगेच नंतर. दोन्हीकडे असलेल्या प्रोसेसवर भरवसा ठेवा. एकीकडेच असलेली प्रोसेस मधे जन्मली किंवा मेली, ती वेगळी लिहा.

होस्टवर ‘पर्फ स्क्रिप्ट -आय पर्फ.डेटा.गेस्ट -एफ टीआयडी,टाइम,आयपी’. फाइलचं नाव लक्षात ठेवा: गेस्ट रेकॉर्डिंग पर्फ.डेटा.गेस्टमध्ये जातं आणि होस्ट-गेस्ट दोन्ही घेतलं तर पर्फ.डेटा.केव्हीएममध्ये. आणि इथे पर्फ स्क्रिप्टलाही ‘--गेस्टकॅलसिम्स’ द्या. तो पर्याय दिसला तरच तो गेस्टची सँपल हाताळतो, नाहीतर गाळून टाकतो आणि रिकामं आउटपुट देतो.

मग छोटी पायथन स्क्रिप्ट: मॅप्समधले सगळे पट्टे (पत्ते इथून तिथपर्यंत) सुरुवातीच्या पत्त्याने लावून ठेवा, प्रत्येक आयपी बायनरी सर्चने शोधा, पीआयडीप्रमाणे मोजा. ‘एफएफएफएफ’ने सुरू होणारे पत्ते कर्नलचे, ते बाजूला काढा. टीआयडी (थ्रेडचा क्रमांक) कोणत्या व्हीसीपीयूचा हे क्यूएमयू मॉनिटरच्या ‘क्वेरी-सीपीयूज-फास्ट’मधून मिळतं.

ही रीत कुठे फसते ते आधीच सांगतो. एकाच बापाने फोर्क केलेल्या, पुन्हा एक्झेक न केलेल्या प्रोसेसचे पत्ते तंतोतंत सारखे असतात: पोस्टग्रेस डेटाबेसचे बॅकएंड (प्रत्येक जोडणीची प्रोसेस), एनजिनएक्सचे वर्कर. तिथे घराणं कळतं, नेमका पीआयडी कळत नाही. ‘पीआयई’ (कुठल्याही पत्त्यावर बसू शकणारे) नसलेले जुने बायनरी सगळे ४००००० च्या आसपास बसतात, तेही एकमेकांत मिसळतात. जावाचा जिट कोड (चालताना तयार होणारा) निनावी पट्ट्यात असतो. प्रोसेस कळते, फंक्शन नाही. त्यासाठी गेस्टमध्ये जेडीके १७ किंवा पुढचं असेल तर ‘जेसीएमडी <पीआयडी> कंपायलर.पर्फमॅप’ चालवून टेम्पमधली फाइल घ्या. आणि एका प्रोसेसचे सगळे थ्रेड एकच मॅप वापरतात, म्हणून थ्रेडपर्यंत या मार्गाने पोचता येत नाही. कंटेनर असतील तर मॅप्स गेस्टच्या मुख्य नेमस्पेसमधून घ्या, आतला पीआयडी ‘स्टेटस’मधल्या एनएसपीआयडी ओळीत सापडतो.

चांदिवली_ऑप्स

मंडळी, शिवडी_एसआरई यांच्या रीतीने करून बघितलं. पहिले मॅप्स ९:१४ ला, रेकॉर्डिंग ९:१६ ते ९:१७, दुसरे मॅप्स लगेच त्यानंतर. सँपलचे मुख्य तीन गट निघाले. सर्वात मोठा गट ‘७एफ’वाला, आणि तो जवळजवळ पूर्ण एकाच पट्ट्यात: लिबलझ्मा लायब्ररी, प्रोसेस ‘एक्सझेड’. ही प्रोसेस ९:१४ च्या यादीत नाही, दुसऱ्या यादीत आहे, आणि आठही व्हीसीपीयूंवर सापडते. दुसरा गट जावाचा निनावी पट्टा. तिसरा पोस्टग्रेस, तिथे सगळ्या बॅकएंडचे पत्ते सारखे.

एक्सझेडचा शोध गेस्टच्या क्रॉनमध्ये लागला. दर १५ मिनिटांनी जुने लॉग आवळणारी ओळ आहे, ‘-टी०’ लावलेली. प्री-ओपन सत्र ९:०० ला सुरू होतं, त्यातले मोठे लॉग नेमके ९:१५ च्या फेरीत हाती लागतात. ही ओळ अ‍ॅपच्या टीमची नाही, इमेज बनवणाऱ्या टीमची. अ‍ॅपचा लोड रोजचाच होता हे खरंच निघालं.

आता पोस्टग्रेसचा नेमका बॅकएंड हवा आहे, कारण एक्सझेड थांबवून पाहिलं तरी दोन व्हीसीपीयू गरम राहतात. सीआर३ (सीपीयूचं एक रजिस्टर) वापरून कळेल असं वाचलं होतं. ते कसं करतात?

शिवडी_एसआरई

‘-टी०’ म्हणजे दिसतील तेवढे सगळे कोअर. ते ‘-टी१’ करा, पुढे ‘नाइस -एन १९’ लावा आणि वेळ ३:३० नंतरची द्या. नुसत्या नाइसने होस्टवर काही फरक पडणार नाही, ते गेस्टच्या आतल्या रांगेपुरतं असतं. होस्टला व्हीसीपीयू तेवढाच भरलेला दिसतो. शेजाऱ्यांना वाचवायचं असेल तर लिबव्हर्टच्या सीपीयूट्यूनमध्ये कोटा लावा.

विक्रोळी_कर्नल

सीआर३ बद्दल. प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल वेगळं, त्याच्या मुळाचा भौतिक पत्ता सीआर३ मध्ये असतो, म्हणून सीआर३ म्हणजे अ‍ॅड्रेस स्पेसची ओळख. फोर्क केलेल्या बॅकएंडचे पत्ते सारखे असले तरी सीआर३ वेगळा. हाच त्याचा उपयोग.

वाचायचा सोपा मार्ग: ‘विर्श क्यूएमयू-मॉनिटर-कमांड --एचएमपी’ देऊन ‘इन्फो रजिस्टर्स -ए’. सगळ्या व्हीसीपीयूंचे रजिस्टर येतात, त्यात आरआयपी (म्हणजे वरचा आयपी) आणि सीआर३ दोन्ही. यासाठी प्रत्येक व्हीसीपीयूला क्षणभर बाहेर काढलं जातं, त्यामुळे सेकंदाला ४-५ वेळांपेक्षा जास्त करू नका. मिनिटभर केलंत तरी ८ व्हीसीपीयूंची दोन हजारांच्या आसपास वाचनं मिळतात. ‘कोण सतत चालू आहे’ एवढ्या प्रश्नाला ती भरपूर झाली. मायक्रोसेकंदांचा हिशोब मात्र यातून काढू नका.

बीपीएफ (कर्नलमध्ये छोटा प्रोग्रॅम चालवायची सोय) लावून केव्हीएमच्या व्हीसीपीयू स्ट्रक्चरमधलं सीआर३ वाचायचा मोह होतो. इंटेलवर ते टाळा. ईपीटी (गेस्टच्या पत्त्यांचं हार्डवेअरमधलं भाषांतर) चालू असताना गेस्ट सीआर३ बदलतो तेव्हा एक्झिट होत नाही, खरी किंमत व्हीएमसीएसमध्ये (सीपीयू व्हीसीपीयूची स्थिती ठेवतो त्या जागेत) असते आणि स्ट्रक्चरमधली प्रत शिळी राहते. आकडे दिसायला व्यवस्थित दिसतात आणि चुकीच्या प्रोसेसवर बोट ठेवतात. एएमडीवर तीच जागा, व्हीएमसीबी, साध्या मेमरीत असते, तिथे एक्झिटनंतर सेव्ह एरियातला सीआर३ ताजा मिळतो. अपवाद एसईव्ही-ईएस गेस्टचा: तिथे रजिस्टर एन्क्रिप्टेड असतात, बाहेरून काहीच वाचता येत नाही.

आता आकडा साफ करा. खालचे १२ बिट पीसीआयडीचे (अ‍ॅड्रेस स्पेसच्या टॅगचे). गेस्टमध्ये केपीटीआय (मेल्टडाउनवरचा उपाय, यूजर आणि कर्नलची पेज टेबलं वेगळी ठेवणारा) चालू असेल तर यूजर मोडचं पेज टेबल कर्नलच्या टेबलाच्या ४ केबी पुढे असतं, म्हणजे एकाच प्रोसेसचे दोन सीआर३ दिसतात आणि फरक असतो बिट १२ चा. अशा वेळी खालचे १३ बिट शून्य करा. केपीटीआय बंद असेल तर १२ च. कोणतं लागू आहे ते गेस्टच्या ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरमधल्या ‘मेल्टडाउन’ फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

पीआयडीशी जोडणी: गेस्टमध्ये कर्नलची डीबगइन्फो असेल तर क्रॅश (कर्नल तपासायचं साधन) लाइव्ह उघडा, त्या प्रोसेसचा एमएम (मेमरीची नोंद), त्यातला पीजीडी (पेज टेबलाचं मूळ), आणि त्याला ‘व्हीटॉप’ने भौतिक पत्ता करा. आत जायचं नसेल तर होस्टवर ‘विर्श डंप --मेमरी-ओन्ली’ घेऊन तेच क्रॅशमध्ये उघडा. पण ३२ जीबीच्या गेस्टची फाइल ३२ जीबीच होते, आणि डंप होईपर्यंत गेस्ट थांबलेला राहतो. बाजाराच्या वेळेत तो विचारही नको. केएएसएलआरचा हिशोब क्रॅशला लागावा म्हणून डोमेनमध्ये व्हीएमकोअरइन्फो ऑन असलेलं बरं.

सीआर३ चा एक कच्चा दुवा: कर्नल थ्रेडना स्वतःचा एमएम नसतो, ते आधीच्या प्रोसेसचं पेज टेबल उसनं घेऊन चालतात. रिकामा बसलेला व्हीसीपीयूही तसाच. म्हणून आरआयपी कर्नलमधला असेल तर त्या वाचनाचा सीआर३ पुरावा म्हणून धरू नका. यूजर मोडचीच वाचनं मोजा.

मुलुंडकर

काळाच्या अंगाने जायचं असेल तर ट्रेस-सीएमडी बघा. गेस्टमध्ये ‘ट्रेस-सीएमडी एजंट’ तात्पुरता चालवायचा, तो व्हीसॉकवर (होस्ट-गेस्टमधल्या सॉकेटवर) होस्टशी बोलतो. होस्टवरून केव्हीएमचे एन्ट्री-एक्झिट आणि गेस्टचे शेड-स्विच (प्रोसेस बदलल्याच्या नोंदी) एकाच वेळी नोंदवले जातात, घड्याळंही तोच जुळवतो. दोन्ही फाइल कर्नलशार्कमध्ये एकत्र उघडल्या की कोणत्या व्हीसीपीयूवर कोणत्या क्षणी कोणता पीआयडी होता ते ओळीने दिसतं. पोस्टग्रेसच्या दोन बॅकएंडसाठी मी हेच सुचवेन, सीआर३ पेक्षा सरळ आहे.

घड्याळ हाताने जुळवायला जाणार असाल तर: ‘पर्फ रेकॉर्ड -के रिअलटाइम’ सायकल्सबरोबर चालत नाही, एरर येते. एनएमआयमध्ये सुरक्षित असलेली घड्याळं मोनोटॉनिक आणि मोनोटॉनिक-रॉ ही दोनच, आणि ती होस्ट-गेस्टमध्ये वेगवेगळी धावतात. जोडणारा आकडा होस्टच्या डीबगएफएसमध्ये केव्हीएमखाली प्रत्येक व्हीसीपीयूच्या ‘टीएससी-ऑफसेट’ फाइलमध्ये असतो (टीएससी म्हणजे सीपीयूचं घड्याळ).

इंटेल पीटी (चालू कोडचा हार्डवेअर ट्रेस) असलेल्या होस्टवर तर सीआर३ ट्रेसमध्येच येतो. गेस्टमध्ये फक्त डमी इव्हेंटवर ‘--स्विच-इव्हेंट्स’ नोंदवायचे, होस्टवर पीटी, आणि नंतर ‘पर्फ इंजेक्ट --गेस्ट-डेटा’ला गेस्टची फाइल, क्यूएमयूचा पीआयडी आणि टीएससी ऑफसेट द्यायचा. मग गेस्टच्या यूजर प्रोसेस नावानिशी येतात. हे पीटीच्या ट्रेससाठी आहे, साध्या सायकल्सच्या सँपलना त्याने नाव चिकटत नाही. डेटा प्रचंड होतो, एक-दोन सेकंदांच्या वर घेऊ नका.

बोरिवलीची_डीबीए

चांदिवली, पोस्टग्रेसच आहे तर यातलं काही करण्याआधी एक करा. गेस्टमध्ये ‘टॉप -बी -एन १ -सी’ घ्या. पोस्टग्रेस प्रत्येक बॅकएंडच्या शीर्षकात यूजर, डेटाबेस आणि चालू कमांडचा प्रकार लिहितं. वरचे दोन पीआयडी घेऊन ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’त बघा, क्वेरीच मिळेल. शीर्षकात ‘ऑटोव्हॅक्यूम वर्कर’ (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी सफाई) असेल तर उत्तर तिथेच संपलं.

आणि ते दोन व्हीसीपीयू गेस्टच्या टॉपमध्येही तेवढेच व्यस्त दिसतात का ते तपासा. होस्टवर जास्त आणि गेस्टमध्ये कमी असेल तर तो हॉल्ट पोलिंगचा वेळ असू शकतो: गेस्ट झोपायला गेला तरी होस्ट थोडा वेळ जागा राहून वाट बघतो, एक्स८६ वर मूळ मर्यादा २ लाख नॅनोसेकंद. होस्टच्या प्रोफाइलमध्ये केव्हीएमच्या व्हीसीपीयू हॉल्ट किंवा ब्लॉक नावाच्या फंक्शनमध्ये वेळ दिसेल. मग गेस्टमध्ये प्रोसेस शोधण्यात अर्थ नाही.

चांदिवली_ऑप्स

ताई, शीर्षकात ऑटोव्हॅक्यूमच आहे. दोन वर्कर, एकाच मोठ्या टेबलाच्या दोन पार्टिशनवर. गेस्टच्या टॉपमध्येही तेवढेच व्यस्त, म्हणजे पोलिंग नाही. डीबीए टीमला कळवलं.

एकच राहिलं. एसएसएच न देता मॅप्स घेता येतील का? दर वेळी लॉगिन मागणं जड जातं.

शिवडी_एसआरई

क्यूएमयू गेस्ट एजंट असेल तर येतील. ‘विर्श क्यूएमयू-एजंट-कमांड’मधून गेस्ट-एक्झेक द्या, ‘कॅप्चर-आउटपुट’ ट्रू ठेवा. परत फक्त पीआयडी येतो. तो गेस्ट-एक्झेक-स्टेटसला दिला की आउटपुट बेस६४ मध्ये मिळतं. रेड हॅट घराण्यातल्या गेस्टमध्ये गेस्ट-एक्झेक सुरुवातीपासून बंद असतं, गेस्टच्या सिसकॉन्फिगमधल्या क्यूएमयू-जीए फाइलमधून ते उघडावं लागतं. उघडणं म्हणजे होस्टवाल्याला गेस्टमध्ये रूट देणं, त्यामुळे टीमची लेखी संमती घ्या. आउटपुट मोठं असेल तर ते कापलं जाऊ शकतं, म्हणून आतच ‘आर-एक्सपी’ ओळी गाळून मग पाठवा.